आता दिसतंय का?

बसा. हा वारा दहा-अकराच्या आत काही पडत नाही, आणि तो पडल्याशिवाय मी कुणाला टॉवरवर चढू देणार नाही. कॉफी आहे, हीटर आहे. तोवर लोवेल स्कारची हकिगत सांगतो. मी त्याच्या हाताखाली दोन वर्षं खांब उभे केले. जे सांगतोय ते त्याच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि लोवेलला गोष्टी रचता येत नाहीत. त्याला साधा विनोद धड सांगता येत नाही.

दोन हजार एकोणीसचा ऑगस्ट. लोवेल एक सही घ्यायला आर्डिस ब्रेक्केकडे गेला होता.

शाळेची नोकरी सोडून त्याने इंटरनेटचा धंदा काढला त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. गावच्या पशुखाद्याच्या गिरणीच्या टोकावर त्याचा पहिला रेडिओ, म्हणजे हवेतून इंटरनेट पाठवणारं यंत्र, बसला आणि डोंगरधारेवरच्या घरांना इंटरनेट मिळालं. पण विस्कॉन्सिनचा आपला हा कोपरा कसा आहे, तुम्ही रोज बघताच. धार, खोरं, पुन्हा धार, पुन्हा खोरं. रेडिओ म्हणजे नजर. मध्ये टेकाड आलं की आंधळा. आणि सगळ्यात जास्त ओरड होती ती नॉर्बीच्या खोऱ्यातल्या एकतीस घरांची. तिथे मोबाइलही लागत नाही.

गिरणीही दिसेल आणि खोरंही दिसेल अशी एक उंच जागा हवी होती. बस, एक जागा. तेवढ्यासाठी लोवेल वसंतापासून वणवण फिरत होता. गावाच्या पाण्याच्या टाकीसाठी समितीच्या तीन बैठकांना जाऊन आला. "पुढच्या खेपेला बघू." एका शेतकऱ्याने हौसेनं जागा दिली, तर मे महिन्यात ओकला पानं फुटली आणि झाडांनी सिग्नल गिळला. दुसऱ्याने भाडं असं सांगितलं, की लोवेलला वाटलं हा चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता.

उरला ब्रेक्केंचा सायलो. गुरांचा चारा मुरवायचा साठ फुटी काँक्रीटचा मनोरा. कित्येक वर्षं रिकामाच.

आर्डिस तेव्हा त्र्याऐंशी वर्षांची. एकटी राहायची. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं, बटाट्याच्या पातळ पोळीला लोणी-साखर लावून गुंडाळी करून दिली आणि म्हणाली, "तू इंगाचा धाकटा ना? टाचा घासत चालतोस, अगदी तिच्यासारखा."

"हो, मिसेस ब्रेक्के."

"वर काय लावणार म्हणतोस?"

"एक लोखंडी पाइप. त्याच्यावर दोन डिश. एक गिरणीकडे बघणार, दुसरी खाली खोऱ्यात. तुम्हाला इंटरनेट फुकट."

"मला नको. कुणाशी बोलू मी त्याच्यावर?" तिने पेन उचललं. मग थांबली. "पाइप कुठे बसवणार?"

"घुमटाच्या कडेला जुनी कडी आहेत अजून. पूर्वी टीव्हीचा अँटेना असावा. त्यातच बसेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की त्याला वाटलं आता नाही म्हणणार. आणि मग तिने अशी घाईघाईने सही केली की कागद फाटला.

म्हाताऱ्या माणसाचं असतं असं, म्हणून लोवेल निघाला. खूश होऊन निघाला. त्या वर्षातली ती त्याची शेवटची निवांत खुशी.

शनिवारी, दोन नोव्हेंबरला, त्याने सायलोवर पाइप उभा करून रेडिओ सुरू केला. खोऱ्यातल्या पहिल्या एकोणीस घरांत इंटरनेट आलं. लोकांनी फोन करकरून त्याला धन्यवाद दिले. रात्री नऊ चाळीसला सगळं बंद पडलं.

दहा वीसला आपोआप सुरू झालं.

रविवारी पुन्हा तेच. नऊ चाळीसला बंद, दहा वीसला सुरू. सोमवारी तेच.

लोवेलने वायर बदलली. वीजपुरवठा बदलला. रेडिओ बदलला. दव पडतं म्हणून असेल, गारठ्याने लोखंड आखडतं म्हणून असेल, असं वाटलं. पण मग त्याच्या ध्यानात आलं, शनिवार-रविवारच्या मध्यरात्री सरकारी नियमाने, हिवाळ्यासाठी, सगळ्यांची घड्याळं एक तास मागे गेली होती. बिघाडही त्यांच्याबरोबर सरकला होता. पुन्हा बरोबर नऊ चाळीस. आता दव काय, गारठा काय, घड्याळ बघून पडतो थोडाच?

"पैसे चोवीस तासांचे घेतोस, लोवेल," खोऱ्यातला एकजण फोनवर म्हणाला, "मग ही चाळीस मिनिटं कुणाच्या खिशात जातात?"

दुसरा म्हणाला, "माझी बायको विचारते, लोवेल त्या वेळेला प्लग काढून टोस्टर लावतो का?"

लोवेल हसायचा आणि फोन ठेवून भिंतीवर बुक्की मारायचा. रोज सकाळी साठ फूट वर. रोज बघावं तर पाइप सरळ, नट घट्ट, डिश जागच्या जागी. त्याने पाइप आवळायचा तिसरा क्लॅम्प ठोकला. पाइपातून आरपार बोल्ट घातला. रात्री पुन्हा तेच, नऊ चाळीस.

"एकतर त्या सायलोशी लग्न कर," त्याची बायको मार्ला म्हणाली, "नाहीतर जेवायला ये."

मग एका रात्री त्याने सिग्नलचा आलेख सेकंदा-सेकंदाने काढला. यंत्र बिघडलं की रेघ कोसळते. धाडकन. ही रेघ कोसळत नव्हती. ती हळूहळू उतरत होती. थांबत होती. थोडी वर चढत होती. पुन्हा उतरत होती. असा आलेख लोवेलने हजार वेळा बघितला होता, स्वतःच्याच हातचा. डिश धरून थोडी इकडे, थोडी तिकडे करताना असाच येतो.

सिग्नल तुटत नव्हता. कुणीतरी पाइप फिरवत होतं.

आता त्याला भीती वाटायला हवी होती. पण तो इतका चिडलेला होता की त्याला फक्त आनंद झाला. माणूस आहे! माणूस म्हणजे पकडता येईल.

गुरुवार, चौदा नोव्हेंबर. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. जमिनीवर दुपारी पडलेला ताजा बर्फ, त्यावर चांदणं. लोवेल साडेनऊला पोचला. गाडी गोठ्याआड लावली. आर्डिसच्या स्वयंपाकघरात दिवा होता, बाकी घर काळोखात. सायलोभोवती बर्फ कोराच होता. कुणी आलेलं नव्हतं. म्हणजे अजून यायचा आहे. आपण आधीच वर जाऊन बसावं, येईल त्याच्या कॉलरलाच हात घालावा.

ब्रेक्केंच्या सायलोला बाहेरून पत्र्याची नळी आहे, वरपासून खालपर्यंत. आत शिडी. एक माणूस जेमतेम मावेल एवढीच. एकदा आत शिरलं की वर किंवा खाली. तिसरी वाट नाही.

तो चढत होता. दोन तृतीयांश चढला असेल. दम खायला थांबला.

वरून चाऱ्याचा भुसा पडला. त्याच्या टोपीवर. मग चेहऱ्यावर.

त्याने वर बघितलं. काळोख.

कुरर्र...

थांबलं.

कुरर्र...

तीन क्लॅम्प. आरपार बोल्ट. आणि पाइप फिरत होता.

"कोण आहे वर?" लोवेल ओरडला.

उत्तर नाही. जड बूट लोखंडावर सरकले. एक पाऊल. दुसरं. अगदी डोक्यावर. शिडीवरून तर तो स्वतःच चढत होता... त्याच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बर्फ कोरा होता...

आणि मग आवाज आला. पुरुषाचा. साधा, दमलेला.

"आता?"

लोवेलने शिडीला मिठी मारली.

कुरर्र...

"आता?"

त्याला नाही, दुसऱ्याच कुणाला विचारत होता. खाली कुणालातरी. आवाजात घाई होती. थोडा वैताग होता.

"अगं, आता दिसतंय का?"

लोवेलच्या गालाशी पत्र्याला गंजून भोक पडलं होतं. त्यातून त्याने बाहेर बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती. त्या थंडीत. आर्डिस चौकटीवर कोपरं टेकून उभी होती. मान वर. डोळे सायलोच्या टोकाकडे.

ती ऐकत होती. ओठ घट्ट मिटलेले.

हसत होती.

"आता?"

...

"आता?"

लोवेलला ना वर जाता येईना ना खाली. किती वेळा विचारलं, त्याने मोजलं नाही. शेवटी वर कुणीतरी सुस्कारा टाकला. पाइप कुरकुरत मागे फिरला. मग काही नाही. बूट नाहीत, आवाज नाही. कुणी उतरलंही नाही.

दहा वीस झाले होते.

तो खाली आला तेव्हा आर्डिस दारात उभी होती. "आत ये," म्हणाली. "ओठ निळे पडलेत तुझे."

तिने कॉफी ओतली. लोवेलने कप दोन्ही हातांत धरला.

"कोण आहे ते?"

"ओर्लिन. माझा नवरा." जसं काही शेजारी राहतो. "आमच्याकडे एकच चॅनेल लागायचं, तेही वारा सुटला की गेलं. दहाच्या बातम्या आणि हवामान, याच्याशिवाय त्याला झोप नाही. म्हणून नऊ चाळीसला वर. तो अँटेना फिरवणार, विचारणार, मी इथून सांगणार. आलं, गेलं, अजून थोडं. चित्र आलं की उतरायचा, नाहीच आलं तर हवामान संपेपर्यंत, दहा वीसपर्यंत, वरच. फिरवायची मोटर घे म्हटलं, तर म्हणे, माझे पाय आहेत की."

"मिसेस ब्रेक्के... ते केव्हा गेले?"

"एक्याण्णवच्या नोव्हेंबरात. तिथे वरच." तिने टेबलावरचा चुरा बोटाने गोळा केला. "त्या रात्री आमचं भांडण झालं होतं. कशावरून ते आता आठवतही नाही बघ. तो वरून विचारत राहिला आणि मी खिडकी लावून घेतली. दहा वीसला उतरला नाही. मला वाटलं, रुसलाय. अकराला मी वर गेले. पाइपाला पाठ टेकून बसला होता. हृदय."

तिने गोळा केलेला चुरा बशीत टाकला.

"मुलाने त्याच आठवड्यात अँटेना काढला. अठ्ठावीस वर्षं वर काही नव्हतं. तू पाइप लावलास, आणि त्याच रात्री..." ती थांबली. "तुझे उपकार आहेत, लोवेल."

"पण मग तुम्ही उत्तर का देत नाही? त्यांना तेवढंच तर हवंय! दिसतंय म्हणा, ते उतरतील..."

"हो ना," आर्डिस म्हणाली. "उतरेल. आणि मग?"

लोवेलने बोलून बघितलं. एकोणीस घरांचं सांगितलं, घातलेल्या वर्षाचं सांगितलं. दुसरी जागा नाही, म्हणाला. ती ऐकून घेत होती, कॉफी ओतत होती, आणि मान हलवत होती. नाही.

घरी जाताना तो गाडीत मोठ्याने ओरडला. भीतीने नाही. चोर असता तर पोलिसांत गेला असता. उंदीर असते तर औषध घातलं असतं. इथे एक म्हातारी नवऱ्याशी अबोला धरून बसली होती, आणि त्यापायी एका माणसाचा धंदा बुडत होता. सांगणार कुणाला? पुढचे चार दिवस त्याने वेड्यासारखी दुसरी जागा शोधली. टाकीच्या समितीकडे पुन्हा गेला. पुढच्या खेपेला बघू.

बुधवारी सकाळी ट्रुडी फेल्डहाउसचा फोन आला. खोऱ्याच्या अगदी तळाला नवरा वेसबरोबर राहणारी.

"काल रात्री वेस माळ्यावरून खाली पडला," ती म्हणाली. "गोठ्यात, फरशीवर. मी इंटरनेटवरून फोन लावला. लागला नाही. पावणेदहा झाले होते, लोवेल. त्याला तिथेच सोडून गाडी घेऊन धारेवर गेले, तेव्हा फोन लागला. पस्तीस मिनिटं तो एकटा पडला होता."

"आता... कसा आहे?"

"जगेल. पाय राहील का नाही, उद्या सांगतील." आणि मग, "मी ओरडत नाहीये. ओरडायला ताकद नाही. पण तू म्हणाला होतास, फोन लागेल."

लोवेलने त्या दिवशी कुणाचाच फोन घेतला नाही. संध्याकाळी आर्डिसकडे गेला. टोपी हातात धरून तिला सगळं सांगितलं. वाद घातला नाही. विनवणीही केली नाही. फक्त झालं ते सांगितलं.

आर्डिसने खिडकीकडे बघितलं.

"एकटाच पडला होता म्हणतोस," ती म्हणाली.

"हो."

"पस्तीस मिनिटं."

"हो."

ती उठली. आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा केस विंचरलेले होते, अंगात निळा स्वेटर होता. घड्याळात नऊ पस्तीस.

"तू शिडीपाशी जाऊन थांब," ती म्हणाली. "उतरताना तो घाई करतो."

त्या रात्री चंद्र नव्हता. लोवेल पत्र्याच्या नळीच्या तोंडाशी उभा राहिला. टॉर्च विझवलेला. मागे खिडकी वर सरकल्याचा आवाज झाला.

कुरर्र...

"आता?"

आर्डिस बोलली नाही.

कुरर्र...

"आता?"

नाही. लोवेलला तिचा श्वास ऐकू येत होता. एवढ्या लांबून.

"अगं... आता दिसतंय का?"

शांतता. वारा पडला होता. काही हलत नव्हतं.

"दिसतंय, ओर्लिन!"

तिचा आवाज चिरकला. तिने पुन्हा हाक दिली. मोठ्याने. तरण्या बाईसारखी.

"दिसतंय! अगदी स्वच्छ! आता नको फिरवूस. उतर खाली... थंडी आहे."

वर काहीच झालं नाही.

मग शिडी थरथरली.

टण्ण.

टण्ण.

एक पायरी. मग दुसरी. नळीतून भुसा भुरभुरत खाली आला. पावलं उतरत होती. घाईने. जवळ. आणखी जवळ. लोवेलच्या डोक्यावर. लोवेलच्या चेहऱ्यासमोर...

शेवटची पायरी.

समोर कुणी नव्हतं.

थंडी त्याच्या अंगावरून गेली. ओल्या चाऱ्याचा आंबूस वास आला, आणि गेला. बर्फावर काही उमटलं नाही. तो बघत होता. नीट बघत होता.

घराचं जाळीचं दार उघडलं. लागलं.

स्वयंपाकघरातला दिवा विझला.

लोवेल गाडीत जाऊन बसला तो उजाडेपर्यंत. उजेड झाल्यावर आर्डिस बाहेर आली, दाण्यांची वाटी घेऊन. पाखरांना दाणे टाकले. त्याला हात केला.

"चालतंय का रे तुझं?" तिने विचारलं. डोळे सुजले होते, पण आवाज ठीक होता.

"बघतो," लोवेल म्हणाला.

तो वर चढला. घुमटाच्या कडेला पोचला आणि तिथेच थांबला.

क्लॅम्प तीनही घट्ट होते. बोल्ट आरपार, जागच्या जागी. आणि पाइप फिरलेला होता. चांगला पाव वेढा. खोऱ्यात बघायची डिश खाली आर्डिसच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बघत होती. गिरणीकडे बघायची डिश समोरच्या टेकडीच्या मातीवर रोखलेली होती. तिथून गिरणीपर्यंत एक अक्षर जाणं शक्य नाही. कोणत्याही हिशेबाने नाही.

त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. रात्री नऊ त्रेपन्नपासून लिंक एकदाही तुटली नव्हती. सिग्नल पहिल्या दिवशीपेक्षा चांगला होता. खाली एकोणीसची एकोणीस घरं जोडलेली.

लोवेलने पाना काढला. नटावर ठेवला. आयुष्यभर वाकडं दिसलं की सरळ करणारा माणूस तो.

बराच वेळ तसाच उभा राहिला, म्हणे.

मग पाना खिशात घातला आणि उतरला. आर्डिस आणखी दोन हिवाळे जगली. आज खोऱ्यातली सगळी एकतीस घरं त्याच पाइपावर चालतात. मी स्वतः वर जाऊन बघितलाय. अजून तसाच आहे, खिडकीकडे तोंड करून.